ओलही हवी, वाराही हवा : घरच्या अळिंबीचे हवामान

एप्रिलच्या दुपारी बाहेर रणरणते ऊन असते आणि घरातल्या माठातले पाणी मात्र दाताला लागेल इतके गार असते. तोच माठ, तेच पाणी. पण ऑगस्टमध्ये झड लागली की ते पाणी कोमटच राहते. विद्यार्थी मित्रांनो, असे का होते याचे उत्तर तुम्हांला शाळेत मिळालेले असेल. माठ पाझरतो, पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ती माठातली उष्णता घेऊन जाते. एप्रिलची हवा कोरडी, म्हणजे तहानलेली असते. ती ही वाफ चटकन शोषून घेते. ऑगस्टची हवा आधीच पाण्याने तृप्त असते. तिला आणखी पाणी नको असते, म्हणून माठ गार होत नाही आणि डब्याबाहेर राहिलेला पापड सादळतो.

आता या माठाच्या जागी एक अळिंबी ठेवून पाहा. अळिंबी, म्हणजे आपण जिला भूछत्र किंवा कुत्र्याची छत्री म्हणतो त्या कुळातली खाण्याजोगी बुरशी. ताज्या अळिंबीच्या वजनात दहा भागांपैकी जवळजवळ नऊ भाग पाणी असते. झाडाच्या पानावर मेणासारखा पातळ थर असतो. पानाला पर्णरंध्रे असतात, आणि ती मिटून पान आपले पाणी राखू शकते. अळिंबीला यांतले काहीच नाही. ती उघड्यावर ठेवलेल्या ओल्या फडक्यासारखी आहे. कोरडी हवा लागली की तिचे पाणी उडालेच. म्हणून अळिंबीच्या खोलीत ओल राखावी लागते.

मग दारे-खिडक्या घट्ट बंद करून खोली ओलीचिंब ठेवली की झाले, असे वाटेल. पण अळिंबी श्वासही घेते. तिला ताजी हवा लागते. ताजी हवा आत घ्यावी तर ती बाहेरचा कोरडेपणा घेऊन येते, आणि हवा बंद करावी तर अळिंबी स्वतःच्याच उच्छ्वासात गुदमरते. घरी अळिंबी करणाऱ्यांची बियाण्यावर आणि मेहनतीवर केलेली खर्ची वाया जाते ती पुष्कळदा याच ओढाताणीत. ही ओढाताण नेमकी किती मोठी आहे आणि ती कशी सोडवता येते, हे आज आपण थोडे गणित मांडून पाहू या.

घाटावर आणि घाटाखाली

यासाठी बुलढाणा जिल्हा हे फार चांगले उदाहरण आहे. या जिल्ह्याचे लोक बोलतानाच जिल्ह्याचे दोन भाग करतात : घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हा अजिंठ्याच्या डोंगररांगेला लागून असलेला पठारी भाग. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. राजूरचा किंवा बोथ्याचा घाट उतरून खाली आले की मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद ही पूर्णेच्या खोऱ्यातली गावे लागतात. उन्हाळ्यात या खोऱ्यात उन्हाचा कडाका घाटावरच्यापेक्षा जास्त असतो, आणि घरोघरी वाळ्याचे किंवा लाकडी भुशाचे कूलर सुरू होतात.

अळिंबीसाठी लागणारा कच्चा माल मात्र दोन्हीकडे मुबलक आहे. सोयाबीन आणि गहू निघाला की मळणीनंतर कुटाराचे ढीग लागतात. या कुटारावर सर्वांत सहज येते ती धिंगरी अळिंबी. शिंपल्याच्या आकाराची म्हणून तिला शिंपला अळिंबीही म्हणतात. जर्मनीत १९१७ मध्ये फाल्क या शास्त्रज्ञाने ती लाकडाच्या ओंडक्यांवर वाढवून दाखवली होती. आपल्या देशात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत बानो आणि श्रीवास्तव यांनी १९६२ मध्ये धिंगरीची एक जात भाताच्या पेंढ्यावर वाढवण्याची रीत प्रसिद्ध केली. पेंढ्यावर येते म्हटल्यावर ती कुटारावरही येते, हे ओघानेच आले.

रीत थोडक्यात अशी. कुटार स्वच्छ पाण्यात रात्रभर भिजवतात. मग ते ६५ ते ७० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात तासभर ठेवून इतर बुरश्या आणि किडी मारतात. नंतर ते निथळू देतात. मूठभर कुटार घट्ट पिळले तर दोन-चार थेंबच पडावेत, धार लागू नये, ही त्याची परीक्षा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कुटाराचा एक थर, त्यावर अळिंबीचे बियाणे (स्पॉन), पुन्हा कुटार, असे थर भरून पिशवीचे तोंड बांधतात आणि बाजूंना भोके पाडतात. अंधाऱ्या जागेत दोन-तीन आठवड्यांत कुटारभर पांढऱ्या तंतूंचे जाळे पसरते. मग प्लॅस्टिक काढून टाकतात. काही दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर दिसू लागतात आणि पुढच्या तीन-चार दिवसांत ते काढणीला येतात.

पिशवी बंद असेपर्यंत ओल आणि हवा यांचा विशेष प्रश्न येत नाही. पिशवी स्वतःच ओल राखते आणि पांढरे तंतू कोंदट हवेतही वाढतात. खरी परीक्षा सुरू होते ती प्लॅस्टिक काढल्यावर.

हवेची तहान किती?

हवेत किती वाफ मावू शकते हे तिच्या तापमानावर अवलंबून असते. एक घनमीटर हवेत १२ अंशांना सुमारे ११ ग्रॅम, २० अंशांना १७ ग्रॅम, २८ अंशांना २७ ग्रॅम आणि ४० अंशांना ५१ ग्रॅम वाफ मावते. जितकी मावू शकते तिच्यापैकी शेकडा किती भाग प्रत्यक्षात आहे, त्याला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. धिंगरीला अंकुर फुटल्यापासून काढणीपर्यंत साधारण ८० ते ९० टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. आपण मधला ८५ हा आकडा धरू या.

उदाहरणासाठी दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच अशी खोली घ्या. तिच्यात १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर हवा मावते. आता तीन ऋतूंचे तीन हिशेब करू.

घाटाखालची एप्रिलमधली दुपार. बाहेर ४० अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता आहे असे धरू. या हवेच्या दर घनमीटरात सुमारे ८ ग्रॅम वाफ आहे. ही हवा आपल्या २८ अंशांच्या खोलीत आली, तर तिची आर्द्रता ३० टक्के भरेल. ती ८५ टक्क्यांवर न्यायची तर घनमीटरामागे २३ ग्रॅम वाफ हवी. म्हणजे १५ ग्रॅमची तूट. सगळ्या खोलीची हवा एकदा बदलली की १५० ग्रॅम पाण्याची तूट पडेल.

आता ऑगस्टमधला झडीचा दिवस. बाहेर २५ अंश आणि ९० टक्के. खोलीतही २५ अंशच. आलेली हवा आहे तशीच चालते, तूट शून्य.

आणि आता घाटावरची डिसेंबरची सकाळ. बाहेर १२ अंश, आर्द्रता ६० टक्के. ऐकायला बरी वाटते. पण घनमीटरात वाफ आहे फक्त ६ ग्रॅम. ही हवा २० अंशांच्या खोलीत येऊन ऊबदार झाली की तिची आर्द्रता ३५ टक्क्यांवर उतरते. ८५ टक्क्यांसाठी घनमीटरामागे सुमारे ९ ग्रॅम, म्हणजे खोलीमागे ९० ग्रॅम पाणी घालावे लागेल. हिवाळ्यात ओठ फुटतात आणि हातापायांची कातडी उलते, त्याचेही कारण हेच. थंडीत हवा गार असते म्हणून ओली असते, हा समज बरोबर नाही.

अळिंबीचा उच्छ्वास किती?

आता दुसरी बाजू. हिरवी झाडे उन्हात कार्बन डायऑक्साइड घेतात. अळिंबीत हरितद्रव्य नाही. ती आपल्यासारखीच ऑक्सिजन घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. हा वायू येतो कुटारातून. कुटार मुख्यतः सेल्युलोजसारख्या पदार्थांचे बनलेले असते, आणि बुरशी ते सावकाश 'जाळून' आपली ऊर्जा मिळवते. रसायनशास्त्राचा हिशेब असा की १०० ग्रॅम सेल्युलोज पूर्णपणे जळले तर सुमारे १६३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो.

आपल्या खोलीत दहा पिशव्या आहेत, प्रत्येकीत एक किलो कोरडे कुटार आहे आणि त्यातले रोज ५ ग्रॅम असे जळते, असे धरा. म्हणजे पिशवीमागे ८ ग्रॅम आणि दहा पिशव्यांचा मिळून रोज ८० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड झाला. एक लिटर कार्बन डायऑक्साइडचे वजन खोलीच्या तापमानाला सुमारे १.८ ग्रॅम असते. तेव्हा हा वायू दिवसाला ४४ लिटर, म्हणजे तासाला १.८५ लिटर भरला.

बाहेरच्या हवेत आज कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे ०.०४२ टक्के आहे. आपल्या खोलीच्या १०,००० लिटर हवेत तो ४.२ लिटर असणार. धिंगरीची छत्रे नीट उमलायची तर हे प्रमाण ०.१ टक्क्याच्या, म्हणजे १० लिटरच्या वर जाऊ नये. मधे जागा उरली ५.८ लिटरची. तासाला १.८५ लिटरने ती भरायला किती वेळ लागेल? जेमतेम तीन तास.

आता दोन्ही हिशेब शेजारी मांडा. दर तीन तासांनी एकदा खोलीची हवा बदलायची, म्हणजे दिवसातून आठ वेळा. एप्रिलमधल्या त्या कडक हवेतही प्रत्येक वेळी तूट पडते १५० ग्रॅम पाण्याची. आठ वेळा मिळून १.२ लिटर. रात्री हवा निवते, त्यामुळे प्रत्यक्षात यापेक्षा कमीच. तेवढे पाणी ओल्या बारदानातून सहज पुरवता येते!

म्हणजे ओल आणि वारा यांचे भांडण वाटते तितके मोठे नाही. अळिंबीला लागणारी ताजी हवा थोडीच असते. ती सतत आणि सावकाश मिळाली पाहिजे, एवढेच. चूक होते ती दोन टोकांना. कोणी खिडकी उघडून पंखा लावतो. त्याने तासाला वीस वेळा हवा बदलली असे धरले, तर एप्रिलमध्ये तासाला तीन लिटर पाण्याची तूट पडेल. मग कितीही फवारे मारले तरी अंकुर वाळणारच. दुसरा कोणी पिशव्या कपाटात किंवा प्लॅस्टिकच्या तंबूत कोंडतो. एक घनमीटरच्या बंद कपाटात दहा पिशव्या ठेवल्या, तर तीन तासांची ती मुदत वीस मिनिटांवर येते. जागा लहान आणि पिशव्या जास्त, तेवढी हवा लवकर बदलायला हवी.

आणखी एक गंमत पाहा. स्वस्थ बसलेला माणूस तासाला सुमारे १५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. म्हणजे आपल्या दहा पिशव्यांच्या आठपट! ज्या खोलीत रात्री चार माणसे दारे लावून झोपतात तिच्या कोपऱ्यात ठेवलेली अळिंबी लांबुडकी का होते, हे आता वेगळे सांगायला नको. माणसांनीही अळिंबीच्या खोलीत झोपू नये. धिंगरी पिकली की धुरासारखे बारीक बीजाणू सोडते. ते श्वासावाटे रोज छातीत गेले तर खोकला, ताप आणि दम्यासारखा त्रास होऊ शकतो. म्हणून छत्राच्या कडा वर वळण्यापूर्वीच काढणी करावी आणि खोलीत जाताना नाकातोंडावर फडके बांधावे.

अळिंबी स्वतःच सांगते

कार्बन डायऑक्साइड मोजण्याचे यंत्र घरी नसते. पण अळिंबीचा आकार हेच एक यंत्र आहे. हवा कोंदली की तिचा दांडा लांबत जातो आणि छत्र लहान राहते. निसर्गात याचा उपयोग उघड आहे. ओंडक्याच्या फटीत हा वायू साचलेला असतो. तिथे छत्र उघडले तर बीजाणू उडणार कुठे? दांडा लांबवत मोकळ्या हवेपर्यंत पोहोचावे आणि मग छत्र उघडावे, हेच बरे. कोंदट खोलीतली अळिंबी आपण अजून फटीतच आहोत असे समजते, आणि आपल्या हाती येतात ते कर्ण्यासारखे चिवट दांडे.

अंकुर पिवळट-तपकिरी होऊन कागदासारखे सुकले किंवा छत्राच्या कडा तडकल्या, तर हवा कोरडी आहे किंवा वाऱ्याचा झोत थेट लागतो आहे. छत्रावर पिवळसर, चिकट डाग पडले, तर पाणी जास्त झाले आहे आणि ते वाळायला हवा मिळत नाही. हे डाग जिवाणूंमुळे पडतात. दांड्यांच्या बुडाशी पांढरी लव आली, तर ओल भरपूर आहे पण हवा कोंदली आहे. कुटारावर हिरवे चट्टे आले, तर मात्र दोष बहुधा आधीचा : कुटार नीट गरम झाले नव्हते किंवा निथळले नव्हते. अशी पिशवी ताबडतोब बाहेर काढून दूर पुरून टाकावी.

यांतल्या चिकट डागांवरून एक महत्त्वाची गोष्ट शिकण्यासारखी आहे. आर्द्रता १०० टक्के झाली की अळिंबीला फायदा होत नाही, तोटाच होतो. छत्रातून थोडे पाणी उडत राहिले पाहिजे. फवारणीनंतर छत्रावरचा पाण्याचा पापुद्रा दोन-तीन तासांत वाळला पाहिजे. म्हणून फवारणी आणि हवा बदलणे ही कामे जोडीने करावीत : आधी बारीक फवारा, लगेच झरोके थोडे उघडे. ऑगस्टच्या झडीत तर फवारा जवळजवळ बंदच ठेवावा आणि हवा मात्र खेळती ठेवावी. उन्हाळ्यातले वेळापत्रक पावसाळ्यात चालवले तर पीक सडते.

घरच्या घरी व्यवस्था

टिनाची खोली उन्हात भट्टीसारखी तापते, ती नको. जाड मातीच्या भिंतींची जुनी धाब्याची खोली उत्तम. भिंतीत एक झरोका छताजवळ आणि एक जमिनीजवळ असावा. दोन्हींना माश्या येऊ नयेत म्हणून बारीक जाळी आणि त्यावर ओले बारदान लावावे. उन्हाळ्यात खोलीतली हवा बाहेरच्यापेक्षा गार, म्हणून जड असते. ती खालच्या झरोक्यातून बाहेर पडते आणि तिच्या जागी वरून नवी हवा आत येते. हिवाळ्याच्या रात्री खोली बाहेरच्यापेक्षा उबदार असते. तेव्हा हाच प्रवाह उलटा होतो. बारदान दोन्हीकडे हवे ते यासाठी. हवा कुठूनही आली तरी ती ओल्या कापडातून गाळूनच येईल. आत येणाऱ्या हवेलाच ओली करायचे, ही सगळ्यात सोपी युक्ती. आपला कूलरही हेच करतो. फक्त त्याचा पंखा अळिंबीला सोसत नाही. जमिनीवर वाळूचा थर पसरून तो ओला ठेवला तर ओल आणखी टिकते.

आर्द्रता मोजायला दोन सारखे तापमापी पुरतात. एकाच्या फुग्याला मलमलीची चिंधी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडा आणि दोन्ही शेजारी टांगा. ओल्या तापमापीचा पारा माठातल्या पाण्यासारखाच खाली उतरतो. खोलीत २५ अंश असताना दोघांत १ अंशाचा फरक असेल तर आर्द्रता सुमारे ९२ टक्के, २ अंशांचा असेल तर ८४, ३ असेल तर ७७, ४ असेल तर ७० आणि ५ असेल तर ६३ टक्के असते. दीड-दोन अंशांचा फरक राखला की अळिंबी खूश.

करून पाहा

शिक्षकांच्या मदतीने हा प्रयोग शाळेत करता येईल. बियाण्यासाठी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे किंवा जळगाव जामोदच्या कृषी विज्ञान केंद्राकडे चौकशी करावी. ओळख नसलेली रानातली भूछत्रे मात्र बियाणे म्हणूनही आणू नयेत आणि चाखूनही पाहू नयेत.

एकाच दिवशी भरलेल्या तीन पिशव्या घ्या. तिन्ही पांढऱ्या झाल्यावर त्यांचे प्लॅस्टिक काढा. पहिली वर्गात उघडी ठेवा. दुसरीवर प्लॅस्टिकचा तंबू करून तो चारी बाजूंनी बंद करा. तिसरीभोवती ओले बारदान असे लावा की वर आणि खाली बोटभर फट राहील. तिन्हींवर सारखेच पाणी फवारा. बंद तंबूत आणि बाहेर एकेका बशीत चुन्याची ताजी निवळी ठेवा, आणि कोणती आधी दुधाळ होते ते पाहा.

काढणीच्या दिवशी प्रत्येक अळिंबीच्या छत्राची रुंदी आणि दांड्याची लांबी मोजून रुंदीला लांबीने भागा. हा भागाकार म्हणजे त्या अळिंबीने तुमच्या हवेला दिलेले गुण होत. तीन पिशव्यांचे गुण आणि त्यांचे एकूण वजन तक्त्यात मांडा. मग तोच प्रयोग एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा डिसेंबरमध्ये करा. घाटावरच्या एका शाळेने आणि घाटाखालच्या एका शाळेने तो एकाच आठवड्यात केला तर अधिकच चांगले. उघडी ठेवलेली पहिली पिशवी कोणत्या महिन्यात आणि कोणत्या गावी सर्वांत जास्त गुण मिळवील? वरच्या तीन हिशेबांवरून आधी उत्तर लिहून ठेवा, आणि मग ते अळिंबीकडून तपासून घ्या.